ल्यों: जिथे घराची उंची मागाने ठरवली

तुमचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पॅरिस आणि स्वित्झर्लंड करताय, मध्ये ल्योंला दोन रात्री आहेत. बाबा शाकाहारी, आईचे गुडघे दुखतात. ल्योंमध्ये बघण्यासारखं फार नाही, तिथला मुक्काम रद्द करा असं कुणीतरी सुचवलंय. मी अठरा वर्षं मराठी मंडळींना घेऊन फ्रान्सला जाते, तेव्हा मला त्या शहरात काय आवडतं आणि मुक्काम ठेवावा का, हे तुम्हाला हवंय.

मुक्काम ठेवा. जमलं तर दोनाच्या तीन रात्री करा.

आणि मला सगळ्यात जास्त काय आवडतं याचं उत्तर एका शब्दात देते: क्र्वा-रूस. ल्योंमध्ये दोन टेकड्या आहेत. एक फुर्व्हिएर, तिच्यावर मोठं चर्च आहे. दुसरी क्र्वा-रूस, रेशीम विणणाऱ्यांची. तिथले लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला काम करणारी. पर्यटक पहिलीवर जाऊन फोटो काढून उतरतात. दुसरीवर जाणारे थोडे, आणि तिथेच हे शहर कळतं.

माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. शाळेतून घरी येताना गल्लीच्या दोन्ही बाजूंनी मागांची खडखड असायची, आणि वीज गेली की एकदम कान रिकामे झाल्यासारखं वाटायचं. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्रामुळे उठते त्याला आमच्याकडे सगळे जकार्ड म्हणतात. वडिलांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा हा शब्द यायचा. तो कुणा माणसाच्या नावावरून आलाय हे मला पुण्यात फ्रेंच शिकायला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. जोसेफ-मारी जाकार, जन्म १७५२, गाव ल्यों. क्र्वा-रूसच्या चौकात त्याचा पुतळा आहे. पहिल्यांदा त्या पुतळ्यासमोर उभी राहिले तेव्हा वडिलांना फोन लावला आणि म्हटलं, "आप्पा, जकार्डवाल्या माणसाच्या गावात आहे." ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिथे अजून माग चालतात का, तेवढं बघून ये."

चालतात. र्यू दिव्री नावाच्या लहानशा रस्त्यावर मेझों दे कान्यू, म्हणजे विणकरांचं घर, अशी जागा आहे. कान्यू हा रेशीम विणकराला ल्योंचा खास शब्द. तिथे हातमाग प्रत्यक्ष चालवून दाखवतात. मागावर बसणारा माणूस आधी काहीच बोलत नाही. पायाने पावटा दाबतो, वरची यंत्रणा कण्हल्यासारखी हलते, पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ एक घर पुढे सरकते, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जातो आणि फणी ठोकली जाते. ल्योंच्या लोकांनी या आवाजाचाच शब्द केला आहे: बिस्तांक्लाक-पान. चार-पाचदा मोठ्याने म्हणून बघा, त्यात पावटा आहे, धोटा आहे आणि फणीचा ठोकाही आहे. आमच्या गटात एकदा इचलकरंजीच्या एक आजी होत्या. फ्रेंच सोडा, त्यांना इंग्रजीही येत नव्हतं. त्यांनी पुढे होऊन तुटलेल्या धाग्याकडे बोट दाखवलं. मागावरच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, उठून जागा करून दिली, आणि आजींनी तो धागा दोन बोटांच्या चिमटीत धरून गाठ मारली. दोघांनाही काही बोलावं लागलं नाही. माझ्या अठरा वर्षांच्या कामातला हा सगळ्यात आवडता क्षण आहे.

जाकारने नेमकं केलं काय, हे माहीत असेल तर तिथे जास्त मजा येते. नक्षीदार कापड विणायचं तर प्रत्येक आडव्या धाग्यासाठी ताण्यातले, म्हणजे उभे, ठरावीक धागे उचलावे लागतात. पूर्वी मागाशेजारी बसून दोऱ्या ओढायला एक वेगळा माणूस लागे, आणि बऱ्याचदा ते लहान पोर असे. जाकारने १८०४च्या सुमारास जे यंत्र सिद्ध केलं त्यात हे काम भोकं पाडलेल्या कार्डांकडे गेलं. कार्डावर भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या आकड्याला बांधलेले ताण्याचे धागे वर उठतात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेर. कल्पना पूर्णपणे त्याची एकट्याची नव्हती. ल्योंच्याच बाझील बुशोंने १७२५ साली भोकं पाडलेल्या कागदाची पट्टी मागाला जोडली होती, पुढे व्होकांसों या यंत्रकारानेही त्यात भर घातली. पण रोजच्या कामात टिकेल असं यंत्र जाकारचं. जाकार वारल्यावर, १८३९मध्ये, त्याचं एक चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला जवळजवळ २४,००० कार्डं लागली. लांबून ते कागदावरचं कोरीव चित्रच वाटतं. संगणकाचा जनक मानल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती, आणि गणित करणाऱ्या आपल्या यंत्रासाठी अशीच कार्डं वापरायचं त्याने ठरवलं होतं. कॉम्प्युटरमध्ये काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला हे आवर्जून सांगा.

आता मेझों दे कान्यूमधून बाहेर येऊन मान वर करा. क्र्वा-रूसच्या इमारती साध्या, करड्या-पिवळ्या, नक्षी जवळजवळ नाही. पण खिडक्या बघा. उंचच उंच, ओळीने, एकसारख्या. जाकारचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं, त्यामुळे माग उंच झाला आणि नदीकाठच्या जुन्या घरांत मावेना. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टेकडीवर, राज्यक्रांतीनंतर मठांकडून काढून घेतलेल्या जमिनींवर, मागाच्या मापाने घरं बांधली गेली. छत सुमारे चार मीटर उंच, जाड लाकडी तुळया, म्हणजे माग वरून आवळून धरता येईल. आणि रेशमाचे रंग ओळखायला भरपूर उजेड. घरातली उत्तम जागा आणि सगळा प्रकाश मागाला. माणसं झोपायची ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर काढलेल्या लाकडी माळ्यावर. आज याच घरांना लोक मोठी रक्कम मोजतात आणि माळ्याचं कौतुक करतात. मी तिथे गेले की मला तो माळाच आधी दिसतो.

या टेकडीवर फक्त रेशीम विणलं गेलं नाही. व्यापारी खाली शहरात राहायचे, सूत द्यायचे, मजुरीचा दर तेच ठरवायचे. १८३१च्या शरद ऋतूत विणकरांनी किमान दर मागितला. सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने तो ठरलाही, पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी पाळायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडी उतरून खाली आले. त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं, "काम करत जगू, नाहीतर लढत मरू." काही दिवस शहर त्यांच्या हातात होतं. त्या दिवसांत विणकरांनी शहरात लूटमार होऊ दिली नाही. पुढे मोठं सैन्य आलं आणि दर रद्द झाला. १८३४मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो जास्त क्रूरपणे चिरडला गेला.

क्र्वा-रूसच्या उतारावर प्लास कोल्बेरपाशी कूर दे व्होरास नावाचं अंगण आहे. तिथे दगडी जिना इमारतीच्या बाहेरून सहा मजले चढत जातो, वळणावळणाचा, उघडा. गाईड त्याला स्थापत्याचा नमुना म्हणतात, आणि तो आहेच. पण त्याच्या पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा बघा. पाठीवर रेशमाचे गठ्ठे घेऊन माणसं इथून उतरत होती. आईंना जिना चढायची गरज नाही, अंगणात उभं राहूनच तो पूर्ण दिसतो.

गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगते. टेकडीवर चढायला मेट्रोची सी लाइन घ्या. ही दातेरी रुळांवरून चालणारी मेट्रो आहे, डोंगरी रेल्वेसारखी, आणि चढण इतकी आहे की बसल्या जागी कळतं. क्र्वा-रूस स्टेशनवर बाहेर आलात की वरचा भाग बराचसा सपाट आहे. सोमवार सोडून रोज सकाळी बुलव्हारवर, म्हणजे तिथल्या रुंद रस्त्यावर, बाजार भरतो, मंगळवारचा सगळ्यात मोठा. बाबांना बाजारात फिरायला आवडत असेल तर तासभर सहज जाईल. जूनमध्ये चेरी, जर्दाळू आणि पीच यांच्या राशी असतात. बुलव्हारच्या पूर्वेच्या टोकाला ग्रो कायू नावाचा प्रचंड धोंडा ठेवलाय. हिमनदीने तो आल्प्समधून इथवर आणला आणि टेकडीत रेल्वेचा बोगदा खणताना सापडला. त्याच्याजवळच्या बाकावरून रोन नदी आणि पूर्वेकडचं सगळं शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही. आई-बाबांना तिथे बसवा आणि तुम्ही मोंते द ला ग्रांद-कोतच्या उतरत्या रस्त्याने पाय मोकळे करून या. परतताना पुन्हा मेट्रो. पायऱ्या उतरणं गुडघ्यांना चढण्यापेक्षा जड जातं.

थोडं चालून म्युर दे कान्यूही बघा. १,२०० चौरस मीटरची आंधळी भिंत होती, तिच्यावर १९८७मध्ये क्र्वा-रूसचाच एक चढाचा रस्ता रंगवला, पायऱ्या, दुकानं, माणसं सगळं. नंतर दोनदा ती पुन्हा रंगवली, आणि चित्रातल्या माणसांची वयंही त्याप्रमाणे वाढवली. लांबून ती भिंत आहे हे पटत नाही.

आता त्राबूल. हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. एका रस्त्यावरच्या दारातून आत शिरायचं, अंधाऱ्या बोळातून अंगणात यायचं, तिथून पुन्हा बोळ, आणि मागच्या रस्त्यावर बाहेर. जुन्या ल्योंमध्ये रस्ते नदीला समांतर आहेत, त्यांना जोडणारे आडवे बोळ कमी. म्हणून लोकांनी घरांच्या पोटातून वाटा काढल्या. क्र्वा-रूसला विणकरांनी तशाच वाटांचा उपयोग कापड पावसापासून वाचवायला केला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा असताना प्रतिकार करणाऱ्यांना पळायला त्या उपयोगी पडल्या. त्या लढ्यातलं ल्यों हे फार महत्त्वाचं केंद्र होतं. जाँ मूलँ हा त्यांचा नेता २१ जून १९४३ला ल्योंला लागूनच असलेल्या काल्यूरमध्ये पकडला गेला.

तुमच्यासाठी सोयीची त्राबूल सपाटीवरची: व्ह्यो ल्यों (जुनं ल्यों) मेट्रो स्टेशनहून जवळ, र्यू सँ-जाँ ५४ क्रमांकाचं दार. तिथून इमारतींच्या पोटातून चालत तुम्ही र्यू द्यू बफच्या २७ क्रमांकाला बाहेर येता. दार बंद दिसलं तर शेजारचं बटण दाबायचं, सकाळी आणि दिवसा ते उघडतं. आत आवाज मात्र अजिबात नको. मी पहिल्यांदा बावीस जणांना घेऊन गेले तेव्हा मी अंगणात उभी राहून मोठ्याने माहिती सांगत होते. वरची खिडकी उघडली, एक वृद्ध बाई डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, आम्ही इथे राहतो." त्या दिवसापासून मी माहिती बाहेर रस्त्यावरच सांगते आणि आत फक्त चालते. गप्प राहिलं की तिथला नळ ठिबकल्याचाही आवाज येतो. त्या अंगणांचं वय तेव्हा जाणवतं. एक सांगून ठेवते: हा सगळा परिसर पाडून रुंद रस्ते करायचा बेत होता. लोकांनी विरोध केला आणि १९६४मध्ये तो फ्रान्सचा पहिला संरक्षित विभाग झाला. १९९८पासून शहराचा मोठा भाग जागतिक वारसा यादीत आहे.

जेवणाबद्दल बाबांचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे, म्हणून नीट सांगते. ल्योंच्या पारंपरिक खानावळीला बुशों म्हणतात. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, दाटीवाटीची टेबलं, मालक स्वतः फिरत असतो. पदार्थ मात्र बहुतेक मांसाचे, त्यातही आतडी, यकृत, सॉसेज. विणकर पहाटेपासून काम करून सकाळी नऊच्या सुमारास पोटभर खायचे, त्याला माशों म्हणतात. स्वस्त मांस आणि वाइन, असं ते कामगारांचं खाणं. तरीही बाबांना घेऊन बुशोंमध्ये जा, मी दर वेळी शाकाहारी मंडळींना नेते.

मागवायचं सर्व्हेल द कान्यू. नाव ऐकून दचकायला होतं, कारण अर्थ आहे विणकराचा मेंदू. त्यात मेंदू नसतो. ताजं मऊ चीज, जवळजवळ आपल्या चक्क्यासारखं, त्यात पातीसारखी शिव्ह, बारीक छोटा कांदा, लसूण, मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगरचे थेंब. पावाबरोबर किंवा उकडलेल्या बटाट्याबरोबर खायचं. मेंदूसारखं मांस विणकरांना परवडत नसे म्हणून हे नाव पडलं असं तिथले सांगतात. आमच्या मंडळींपैकी नव्वद टक्के लोकांना ते पहिल्या घासाला आवडतं, कारण चव ओळखीची असते. त्याच्यासोबत ग्रातँ दोफिनवा, दुधात आणि सायीत भट्टीत शिजवलेले बटाट्याचे काप. ल्योंचं सॅलड मागवलं तर सां लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे न घालता असं सांगायचं. त्यावर अर्धवट शिजवलेलं अंडं असतं, ते चालत नसेल तर तेही आधीच सांगा. केनेल हा लांबट, हलका, फुगलेला पदार्थ साधारणपणे माशाचा असतो, पण नातूर नावाचा मासा नसलेला प्रकारही मिळतो. सॉस कशाचा आहे ते मात्र विचारा, कारण पारंपरिक नांत्वा सॉसमध्ये गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या एक्रव्हिस असतात.

तिथे मी शाकाहारी आहे एवढं सांगून काम होत नाही. बेकनचे तुकडे म्हणजे मांस नव्हे असं मनापासून मानणारे वेटर मला भेटले आहेत. वाक्य पाठ करून ठेवा: नी व्यांद, नी प्वासों. मांस नको, मासाही नको. आणि बाबा फार कडक असतील तर हेही सांगून ठेवलेलं बरं की फ्रेंच पारंपरिक चीज बहुधा जनावराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, रेनेटने, लावलेलं असतं. दुपारचं जेवण बारा ते दोन, संध्याकाळचं सातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं, कितीही विनंती केली तरी. आत शिरताना आधी बोंजूर म्हणा, मग पुढचं बोला. हा नुसता शिष्टाचार वाटेल, पण त्या एका शब्दाने समोरच्याचा सूर बदलतो.

गोडात तार्त ओ प्रालीन. साखरेत घोळवलेले गुलाबी बदाम कुटून सायीत शिजवतात आणि कुरकुरीत तळावर ओततात. रंग गडद गुलाबी, आपल्याकडच्या लग्नातल्या बुंदीत कधी असतो तसा. आईंना नक्की आवडेल.

या खाण्याच्या मागेही बायकांचे कष्ट आहेत. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या. शहर त्यांना मेअर, म्हणजे आई, म्हणतं. त्यांच्यातली युजेनी ब्राझिए ही शेतकऱ्याघरची मुलगी. १९३३मध्ये तिच्या दोन खानावळींना मिशलँ या खानावळींच्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. पुढे नावाजलेला शेफ पोल बोक्यूज तरुणपणी तिच्याच हाताखाली शिकला. आज शहरातल्या मोठ्या बंदिस्त बाजाराला त्याचं नाव आहे. तिथे एक फेरी मारा, चीजचा वास घ्या, थोडं चाखा. पण महाग आहे, जेवायला मी तिथे नेत नाही.

दुसरी जागा जी चुकवू नका ती शहराच्या मध्यापासून लांब आहे, म्हणून बहुतेक लोक टाळतात: मोंप्लेझिर. मेट्रोची डी लाइन, स्टेशनचं नावच मोंप्लेझिर-ल्युमिएर. फोटोच्या काचा बनवणाऱ्या ल्युमिएर कुटुंबाचा कारखाना इथे होता. १९ मार्च १८९५ला लुई ल्युमिएरने कारखान्याच्या दाराकडे कॅमेरा लावला आणि काम सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण केलं, पन्नासेक सेकंदांचं. त्यात मोठ्या झग्यातल्या बायका जास्त आहेत, घाईत आहेत, एक कुत्राही मध्येच धावतो. कारखाना गेला, पण त्या शेडचं छप्पर जपून ठेवलंय आणि तिथे आता चित्रपटगृह आहे. रस्त्याचं नाव पहिल्या चित्रपटाचा रस्ता. शेजारच्या ल्युमिएरांच्या बंगल्यात संग्रहालय आहे. पहिला कॅमेरा आहे, आणि बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून काढलेले रंगीत फोटोही आहेत. सोमवारी ते बंद असतं.

मराठी माणसाने तिथे जायचं आणखी एक कारण आहे. ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए याच चित्रफिती घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वाटेत मुंबईत उतरून त्याने ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलमध्ये त्या दाखवल्या, पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळाला जेमतेम सहा महिने झालेले असताना. ती लोखंडी सांगाड्याची इमारत काळा घोड्याला आजही आहे. ते खेळ बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावे दादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. मी गटाला त्या शेडसमोर उभं करून एवढंच सांगते आणि मग ती फीत बघायला आत नेते. एका वेळी एक काका उठून म्हणाले, "गिरणी सुटल्यावर आमची आई अशीच यायची." परळची मंडळी होती.

फुर्व्हिएरला जायचंच आहे, पण ते सोपं आहे, म्हणून थोडक्यात. व्ह्यो ल्योंहून दोरीने ओढली जाणारी छोटी गाडी वर जाते. तिला लोक फिसेल म्हणतात, म्हणजे दोरी. वरच्या मोठ्या चर्चला, बासिलिकाला, चार मनोरे आहेत आणि ल्योंचे लोक तिला उलटा पडलेला हत्ती म्हणतात. एकदा ऐकलं की तसंच दिसतं. आतली सोनेरी कलाकुसर मला जरा जास्तच वाटते, पण मागच्या गच्चीवरून दोन्ही नद्या आणि सगळी कौलारू छपरं एकदम दिसतात. तिथून थोडं खाली रोमन रंगमंदिर आहे, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासचं, दहा हजार माणसं मावतील एवढं. प्रवेश फुकट. जून-जुलैत रात्री तिथे कार्यक्रम होतात. गुडघे ठीक असतील त्या संध्याकाळी दगडी पायऱ्यांवर बसून एखादं संगीत ऐका. उशी बरोबर घ्या.

डिसेंबरचं सांगायला हवं, तुम्ही जूनमध्ये जात असलात तरी. १८५२मध्ये फुर्व्हिएरच्या चॅपलवर मेरीचा पुतळा बसवायचा होता. सप्टेंबरचा मुहूर्त सोन नदीच्या पुरामुळे पुढे गेला, ८ डिसेंबर ठरला, आणि त्या संध्याकाळी वादळ झालं. समारंभ रद्द होणार असं वाटत असताना आभाळ उघडलं, आणि लोकांनी आपापल्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर ८ डिसेंबरला लावतात. आता त्या दिवसांत चार रात्री प्रकाशाचा मोठा महोत्सव असतो, लाखो माणसं येतात, इमारतींवर चित्रं फेकतात. मला तो गोंगाट फारसा आवडत नाही. आवडतं ते घरातलं. एका वर्षी मी क्र्वा-रूसच्या एका कुटुंबाकडे भाड्याने खोली घेतली होती. संध्याकाळी घरच्या बाईंनी कपाटातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले रंगीत काचेचे छोटे पेले काढले. आजीपासून चालत आलेले, उभ्या रेघांचे, निळे, लाल, काही टवके उडालेले. एकेक पुसून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले, प्रत्येकात जाडसर बुटकी मेणबत्ती ठेवली आणि एक काडी मला दिली. वाऱ्याने दोन विझल्या, त्या पुन्हा लावल्या. समोरच्या इमारतीत तशीच ओळ, तिच्या वरच्या मजल्यावरही. माझ्या आईने पणत्या ठेवायला वापरलेला पाट मला त्या वेळी आठवला.

जूनमध्ये मेणबत्त्या नसतील, पण सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो. जेवून बाहेर पडा, सोनच्या काठाने चाला, दहाच्या सुमारास पूल आणि दर्शनी इमारती हळूहळू उजळतात. शहराने १९८९पासून हे दिवे नीट आखून लावलेत. पॅरिसच्या झगमगाटापेक्षा हा उजेड मवाळ असतो.

वेळ उरला तर तेत दोर उद्यान. ११७ हेक्टर, प्रवेश फुकट, जूनमध्ये गुलाब फुललेले असतात, आई-बाबांना तिथे अर्धा दिवस आरामात जाईल. प्लास दे तेरोच्या कलासंग्रहालयात कंटाळा येत असेल तर त्याच्या आतल्या शांत बागेत नुसतं बसा, तिथे तिकीट लागत नाही. बेलकूर चौक खूप मोठा आहे, पण ओलांडायचा तेवढा. रेशमी स्कार्फ घ्यायचा असेल तर व्ह्यो ल्योंच्या मुख्य रस्त्यावरच्या ढिगाऱ्यातून घेऊ नका. क्र्वा-रूसला विणणाऱ्यांकडून किंवा कापड छापून दाखवणाऱ्या कार्यशाळेतून घ्या, महाग पडेल पण कुठे बनलं ते विचारता येईल. रेशमाच्या उद्योगाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या स्वारीसारखाच होतो, दुकानदाराला तो उच्चारून दाखवा, तो खूश होऊन आणखी दोन गोष्टी दाखवेल. व्हर्सायच्या राजवाड्यात राणीच्या खोलीतलं रेशीमही पुन्हा विणायची वेळ आली तेव्हा ते काम ल्योंमध्येच झालं. तसलं नक्षीचं कापड हातमागावर दिवसाला काही सेंटिमीटरच पुढे जातं.

वेळापत्रक असं करा. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनहून सकाळची टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाडी, दोन तासांत ल्योंचं पार-दिए स्टेशन. दुपारी सामान ठेवून व्ह्यो ल्यों आणि फिसेलने फुर्व्हिएर. दुसरा दिवस सकाळचा क्र्वा-रूसचा बाजार आणि मेझों दे कान्यू, दुपारी बुशों, संध्याकाळी मोंप्लेझिर. रविवार आणि सोमवार शक्यतो टाळा, बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात. मेझों दे कान्यूच्या प्रात्यक्षिकाच्या वेळा आधी बघून ठेवा, प्रात्यक्षिक चुकलं तर माग गप्प उभा असतो. तिसरी रात्र मिळाली तर तिसऱ्या दिवशी ट्रामने कोंफ्ल्युआँसला जा. शहराच्या दक्षिण टोकाला रोन आणि सोन एकत्र येतात. रोन फिकट निळसर-हिरवी, वेगाची. सोन गढूळ हिरवी, संथ. अगदी टोकावर उभं राहिलं की दोन्ही पाणी थोडा वेळ वेगवेगळं वाहताना दिसतं.

तिथून पुढे तुम्ही जिनिव्हाला जाल, थेट गाडीने साधारण दोन तास. जिनिव्हाच्या सरोवरातून बाहेर पडणारी नदी म्हणजे हीच रोन. बेलगार्दच्या आसपास रूळ तिच्या दरीतून जातात, तेव्हा बाबांना खिडकीशी बसवा.